फक्त जमेची बाजू



घरातला तेलाचा डबा एकदा फिरवून वाचा. बऱ्याच डब्यांवर ठळक अक्षरांत असतं, 'कोलेस्टेरॉल नाही'. खरंच आहे ते. कोलेस्टेरॉल असतं प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल यांच्या तेलात ते मुळातच नसल्यासारखं. म्हणजे कंपनीने काढून टाकलं असं काहीच नाही. उलट तेल कुठलंही घ्या, एका ग्रॅमला ९ कॅलरी ठरलेल्या. ते मात्र मागे बारीक अक्षरांत. एक शब्द खोटा नाही आणि तरी आपली समजूत चुकीची होते.

बी.कॉम.ला आमचे सर म्हणायचे, ज्या वहीत नुसती जमेची बाजू लिहिली आहे ती हिशेबाची वहीच नव्हे. तोच मुद्दा मला पुढे स्वाध्यायात भेटला. वस्तूकडे एका बाजूने बघणं म्हणजे नय. त्यात दोष नाही, आपण सगळे तेच करतो. पण बाकीच्या बाजू नाकारून 'एवढंच सत्य' म्हटलं की तो दुर्नय. जाहिरात बघताना मला हा शब्द हटकून आठवतो.

१९३७ मध्ये न्यूयॉर्कला काही अभ्यासकांनी प्रचार ओळखायला शिकवणारी एक संस्था काढली होती. त्यांनी प्रचाराच्या सात युक्त्या सांगितल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर नावं ठेवून शिक्का मारणे, गोड मोघम शब्द वापरणे, दुसऱ्याची पुण्याई उसनी घेणे, नामवंत साक्षीदार उभा करणे, 'मी तुमच्यातलाच' म्हणणे, सोयीचे तेवढेच पत्ते दाखवणे आणि 'सगळे निघालेत, तुम्हीही चला' अशी घाई करणे. जवळजवळ नव्वद वर्षं झाली, पण यादी काही जुनी झालेली नाही.

आपल्याला सगळ्यात जास्त गुंडाळते ती उसनी पुण्याई. पाकिटावर 'जैन' लिहिलं की आपण मागची बाजू वाचायचं सोडतो. हिरव्या ठिपक्याचंही तसंच. तो ठिपका मांस, मासे, अंडी नाहीत एवढंच सांगतो. बटाट्याच्या चिप्सवर तो असतो, आणि आपल्याला वर्ज्य असलेल्या मधावरही असतो! ठिपका खोटं बोलत नाही. तो जे सांगतच नाही ते आपण त्याच्या तोंडी घालतो, आणि विकणाऱ्याला तेच हवं असतं.

लेकरांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. दुधात घालायच्या पावडरींनी किती वर्षं आपल्याला उंची आणि हुशारी दाखवली! २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की बोर्नव्हिटा आणि तसली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरात ठेवू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. आईला भोळी म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. ती भोळी नसते, तिला काळजी असते, आणि जाहिरात नेमकी त्या काळजीलाच हात घालते.

१९२९ मध्ये अमेरिकेत हेच झालं. तिथे बायकांनी रस्त्यावर सिगारेट ओढणं तेव्हा वाईट समजत. एका तंबाखू कंपनीसाठी काम करणाऱ्या एडवर्ड बर्नेज यांनी ईस्टरच्या मिरवणुकीत तरुण मुलींना सिगारेट पेटवून चालायला लावलं आणि वर्तमानपत्रांसाठी त्याला नाव दिलं 'स्वातंत्र्याच्या मशाली'. बायकांना स्वातंत्र्य हवं होतं, हातात मिळाली विडी.

राजकारणात माल वेगळा, दुकान तेच. १९७१ ला 'गरिबी हटाओ', २००४ ला 'इंडिया शायनिंग', २०१४ ला 'अच्छे दिन'. पक्ष कुठलाही घ्या. कुणाची गरिबी, किती वर्षांत, पैसा कुठून, हे घोषणेत मावत नाही. मोघम शब्दाची सोय अशी की ऐकणारी प्रत्येक जण त्यात आपलंच स्वप्न भरते. यातली एक घोषणा मतदारांनी मानली नाही, दोन मानल्या. पण मानताना हिशेब किती जणींनी मागितला?

घोषणेने निदान कुणाची चूल विझत नाही. २०२० च्या टाळेबंदीत मात्र वेगळंच पाहिलं. एका विशिष्ट समाजाचे विक्रेते फळं-भाज्या मुद्दाम घाण करून विकतात, असे व्हिडिओ फिरत होते. आमच्या बायकांच्या गटातही आले. आमच्या गल्लीत वर्षानुवर्षं गाडा घेऊन येणारे एक चाचा होते. चातुर्मासात कुणाला कुठली भाजी चालत नाही हे त्यांना पाठ, कांद्याची टोपली आमच्या दारासमोर झाकून ठेवणारे. आठवड्याभरात त्यांच्या गाड्यासमोरची दारं बंद झाली. कारण तो निरोप आपल्या शुद्धतेच्या आग्रहावर नेम धरून लिहिलेला होता. आहाराबद्दल बेफिकीर माणसावर तो चाललाच नसता.

मी गटात एवढंच विचारलं, हा व्हिडिओ कधीचा, कुठला, आणि कुणी काढलाय? उत्तर कुणी दिलं नाही. एक काकू म्हणाल्या, "तू नेहमी उलटंच बोलतेस." दुसऱ्या गट सोडून गेल्या आणि कितीतरी दिवस मंदिरात भेटल्या तरी बोलल्या नाहीत. चाचांकडून मी भाजी घेत राहिले, समोरच्या वहिनीही घ्यायला लागल्या. पण दोन घरांवर गाडा चालत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ते यायचे थांबले. आता कुठे असतात, ठाऊक नाही.

गट अजून आहे. एरवी तिथी, लग्नपत्रिका आणि विनाकांद्याच्या भाज्या. निवडणूक जवळ आली की भीतीचे निरोप पुन्हा सुरू होतात, आणि मी पुन्हा तेच तीन प्रश्न टाकते. गेल्या खेपेला मी चष्मा शोधेपर्यंत एका नव्या सुनेने ते आधीच विचारलेले होते.