ठरावाआधीचं पत्र

रोहा

प्रिय ताई,


येत्या विश्वस्त सभेत मी एक ठराव मांडणार आहे. विषयपत्रिकेत तो येईलच, पण त्याआधी तो तुम्हाला माझ्याकडून कळलेला बरा. ठराव असा, की संस्थेच्या संचालकांना, म्हणजे तुम्हाला, दर पंधरवड्याला एक तास बाहेरच्या तज्ज्ञ समुपदेशकाशी बोलता यावं, त्याची फी कायम निधीच्या व्याजातून भरावी, आणि त्या तासात काय बोलणं झालं हे विश्वस्तांनी कधीही विचारू नये.

परवा पेणच्या कार्यालयात तुम्ही कंपनीच्या देणगीचं विनियोग प्रमाणपत्र तयार करत होतात. मध्येच कर्नाटकातल्या कोळसाभट्टीवरून फोन आला. उचल फिटली नाही म्हणून मुकादम सोडत नव्हता, आणि पोर तापाने फणफणलेलं. तुम्ही गाव, तालुका, भट्टीवाल्याचं नाव उतरवून घेतलंत, त्या बाईला धीर दिलात, वेठबिगारीच्या 1976 च्या कायद्याखाली तिथल्या प्रशासनाकडे अर्ज धाडायची व्यवस्था लावलीत. आवाज एकदाही चढला नाही. मग पुन्हा त्या रकान्यांकडे वळलात आणि तीच बेरीज पुन्हा पुन्हा करत राहिलात. दर वेळी उत्तर वेगळं येत होतं. समोरचा चहा निवून त्यावर साय धरली होती.

दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं भट्ट्यांवर जातात, तेव्हापासून तुमचा फोन उशाशी असतो. ती पावसाच्या तोंडावर परततात, तर दरडींची धास्ती सुरू होते. 22 जुलै 2021 ला तळियेवर दरड कोसळली, 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की डोंगराखालच्या एकेका वाडीला तुम्ही रात्री फोन लावत बसता. त्यात जातीच्या दाखल्यांचे हेलपाटे, धर्मादाय आयुक्तांकडची कागदपत्रं, पगाराची तारीख. यातलं एकही काम नको म्हणण्यासारखं नाही, हीच खरी अडचण.

हा थकवा तुमच्या स्वभावातला दोष नाही. न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ एका मोफत दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून राबत होते. मन लावून काम करणारी माणसंच कशी आतून रिती होत जातात, हे त्यांनी तिथे पाहिलं, स्वतःवरही अनुभवलं आणि 1974 मध्ये लिहून ठेवलं. म्हणजे या दुखण्याच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक आपल्यासारख्यांच्या कामातूनच झाली. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या वर्गीकरणात त्याचा संबंध कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणाशी जोडला. हा थकवा आजार आहे असं ती म्हणत नाही. पण मग तो ताण आवरण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर येते, आणि आपल्या संस्थेत काम देणारे म्हणजे आम्ही विश्वस्त.

आनंदवनचा कारभार पाहणाऱ्या डॉ. शीतल आमटे-करजगी 30 नोव्हेंबर 2020 ला गेल्या. त्यामागच्या कारणांविषयी आपण बाहेरच्यांनी बोलू नये असं मला वाटतं. पण त्या संध्याकाळी तुम्ही फोनवर विचारलं होतंत, "संस्था चालवणाऱ्याने बोलायचं कुणाशी?" त्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला द्यायचं राहिलं आहे.

माझ्याशी बोला, असं मी म्हणणार नाही. तुम्ही मला "आता झेपत नाही" म्हणालात, तर माझ्या मनात आधी येईल ते पुढच्या वर्षी संस्था कोण चालवणार हेच. देणगीदाराला सांगाल तर त्याला प्रस्तावाची काळजी. कार्यकर्त्यांना सांगाल तर त्यांचाच धीर सुटेल. घरच्यांनी आधीच पुष्कळ सोसलं आहे. म्हणून ज्याचं आपल्या संस्थेत काहीच गुंतलेलं नाही असं माणूस हवं, आणि ते शिकलेलं हवं. नुसत्या सहानुभूतीने हे काम होत नाही. समुपदेशक स्वतःसुद्धा आपल्या वरिष्ठांपुढे बसून मनावरचं ओझं तपासून घेतात.

ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था 1990 पासून आहे. पेणहून दिव्यापर्यंत आपली रोहा-दिवा गाडी आहे, पुढे लोकल. दर वेळी जायलाच हवं असंही नाही, पुढचं बोलणं व्हिडिओवर होऊ शकतं. दुसरं कुणी पसंत असेल तर तेही चालेल, निवड तुमची. एखादी रात्र फारच जड गेली तर सरकारची टेली-मानस ही मदतवाहिनी आहे, 14416 वर. मराठीतूनही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

"वाडीवरच्या बायांना कुठे असतो समुपदेशक?" असं तुम्ही म्हणाल. त्यांनाही मिळायला हवा, आणि आपल्या कार्यकर्त्यांना तर याच वर्षी. पण तुमचा तास काढून घेतल्याने त्यांना तो मिळणार नाही.

पैशांचं म्हणाल तर प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात यासाठी रकाना नसतो. परदेशी देणगीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीने 50 टक्क्यांवरून 20 वर आणली. आपल्याकडे तो पैसा नाही, पण कंपन्यांचे सीएसआरवालेही शाळेच्या दप्तरांना लगेच हो म्हणतात आणि माणसांवरचा खर्च खोडतात. म्हणूनच मी व्याजाचं म्हणतो. त्यावर कुणाची अट नाही.

खजिनदारांशी माझं बोलणं झालं आहे. बाकीच्यांना मी सभेतच सांगेन. या ठरावाच्या वेळी तुम्ही सभेत बसू नये अशी विनंती आहे, म्हणजे कुणाला संकोच होणार नाही आणि तुम्हालाही नको नको म्हणावं लागणार नाही. तेवढ्या वेळात इतिवृत्त मी लिहितो.

तुमचा,
भाऊ