महाडचे चवदार तळे आणि ओंजळभर पाण्याची फिल्म

मुंबईहून गोवा महामार्गाने निघाले की सुमारे १७० किलोमीटरवर सावित्री नदीच्या काठी महाड लागते. कोकण रेल्वेने जाणाऱ्यांनी वीर स्थानकावर उतरावे आणि पुढे रिक्षा किंवा एस.टी. धरावी. एरवी हे गाव बाजारपेठेचे. रायगडावर जाणारे पर्यटक येथे चहा घेतात आणि पुढे जातात. पण १९ व २० मार्चला महाडचे रूप निराळेच असते. निळे झेंडे लावलेल्या गाड्या रात्रभर येत राहतात. पांढऱ्या साड्या नेसलेल्या माताभगिनी आणि डोक्यावर निळ्या टोप्या घातलेली पोरे दिसतात. पुस्तकांचे स्टॉल लागलेले असतात, आणि एखाद्या कोपऱ्यात भीमगीतांची पार्टी बसलेली असते.

या तळ्याचा इतिहास आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. सी. के. बोले यांचा ठराव १९२३ सालचा, महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ सालचा. कागदावर तळे खुले झाले, पण पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती. १९२७ च्या मार्चमध्ये परिषद भरली तेव्हा तिच्यासाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, तेही तळे हाकेच्या अंतरावर असताना! २० मार्चला बाबासाहेब हजारोंचा जमाव घेऊन तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. नंतर परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले. दुसऱ्या दिवशी १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. कोर्टाचा झगडा पुढे दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. घरोघरी भिंतीवर बाबासाहेब पाणी पीत असल्याची जी तसबीर असते ती चित्रकाराने काढलेली आहे, कॅमेऱ्याने नव्हे. मनात ही गोष्ट घेऊनच आम्ही या वेळी महाडला गेलो.

माझ्या पुतण्याकडे एक छोटा कॅमेरा आहे. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, पाण्यात बुडाला तरी न बिघडणारा. सायकलस्वार, डोंगर चढणारी पोरे तो टोपीला किंवा छातीला बांधतात. बाजारात त्याला ॲक्शन कॅमेरा म्हणतात, आणि गोप्रो हे त्यातले बहुतेकांना ठाऊक असलेले नाव. त्यात टाइम-लॅप्स म्हणून एक सोय असते. कॅमेरा एका जागी ठेवून द्यायचा, ठरलेल्या अंतराने तो आपोआप फोटो काढत राहतो, आणि ते सगळे फोटो भरभर दाखवले की तासन्‌तासांचा काळ मिनिटभरात पळताना दिसतो. कळी उमलताना किंवा ढग धावताना सिनेमात दाखवतात, तोच हा प्रकार.

हिशेब सोपा आहे. दर १० सेकंदांनी एक फोटो घेतला तर पहाटे ५ ते ९ या चार तासांत १४४० फोटो होतात. सेकंदाला २४ या वेगाने ते दाखवले की बरोबर एक मिनिटाची फिल्म! कॅमेऱ्याची स्वतःची बॅटरी एवढा वेळ पुरत नाही, म्हणून पॉवर बँकेची वायर जोडून ठेवावी लागते. मेमरी कार्ड आधी रिकामे करून घ्यावे. रंगाचे सेटिंग, ज्याला व्हाइट बॅलन्स म्हणतात, ते एका जागी पक्के करावे. नाहीतर एक फोटो पिवळा, दुसरा निळा, असे होऊन फिल्म लुकलुकते. उजेडाचे सेटिंग मात्र पहाटे कॅमेऱ्यावरच सोडावे, कारण अंधारातून उन्हात जायचे असते. कोकणात पहाटेच्या दमट हवेने काचेवर वाफ धरते, म्हणून जवळ कोरडे सुती फडके हवे. आणि या कॅमेऱ्याची नजर फार रुंद असते. क्षितिज चित्राच्या मध्यावर ठेवले नाही तर सरळ भिंत धनुष्यासारखी वाकते.

तळ्याच्या चारी बाजूंनी घरे आहेत. त्यातल्या एका घराच्या गच्चीवरून सगळे तळे नजरेत येत होते. आदल्या संध्याकाळी आम्ही त्या घरी विचारायला गेलो. घरमालक वयस्कर गृहस्थ. "काका, पहाटे चार तास कॅमेरा ठेवला तर चालेल का?" पुतण्याने विचारले. त्यांनी जिन्याची किल्लीच काढून दिली. त्यांनी आमची जात विचारली नाही, आम्ही त्यांची विचारली नाही. चहा आला, चहाच्या आधी तांब्याभर पाणी आले. हे लिहिण्यासारखे आहे का, असे एखाद्या तरुण वाचकाला वाटेल. १९२७ साली याच तळ्याभोवतीच्या घरांतून काय पाहिले गेले असेल, हे ज्याच्या मनात आहे त्याला वाटणार नाही.

पहाटे गच्चीवर थंड वारा होता. खाली दिव्यांच्या प्रकाशात लोक येतच होते. २० मार्च ही दिवस व रात्र जवळपास समान असण्याची तारीख, आणि सूर्य नेमका पूर्वेला उगवतो. महाडला तो पावणेसातच्या सुमारास वर आला. बाबासाहेबांनी दिवस पंचांग पाहून निवडला नव्हता, हे मला माहीत आहे. तरीही समतेच्या सत्याग्रहाला निसर्गाने हा दिवस द्यावा याची गंमत वाटल्याशिवाय राहिली नाही.

साडेसातला पुतण्याने फोनवर तोवरचे फोटो पळवून दाखवले. आभाळ काळ्याचे निळे, निळ्याचे पांढरे झाले. पाण्यावर उजेड पसरत गेला. दृश्य सुंदर होते, यात शंका नाही. पण माणसे? माणसे मुंग्यांसारखी वळवळत होती. काठावर एक निळा-पांढरा पट्टा थरथरत होता, त्यात चेहरा एकही नव्हता. ज्या जागी माणूस म्हणून दिसण्यासाठी माणसांनी डोकी फोडून घेतली, तेथे ही फिल्म त्यांना मुंग्या करून दाखवते, हे मला बरे वाटेना. मी पुतण्याला तसे म्हटले. तो म्हणाला, "काका, टाइम-लॅप्समध्ये गर्दी अशीच दिसते." थोड्या वेळाने त्यानेच हिशेब मांडला. एका माणसाला पायऱ्या उतरून ओंजळ भरायला १५ सेकंद लागतात. आपण १० सेकंदांनी एक फोटो घेतो. म्हणजे तो माणूस एखाद्या-दुसऱ्या फोटोत येणार आणि पडद्यावर डोळ्याची पापणी लवायच्या आत जाणार. जे बघायला आलो तेच नेमके गळणार.

नऊ वाजता कॅमेरा खाली आणला. पायऱ्यांच्या बाजूला, वाट अडणार नाही असा, वीतभर स्टँडवर ठेवला आणि अंतर अर्धा सेकंद केले. २० मिनिटांत २४०० फोटो. ते सेकंदाला १२ या संथ वेगाने दाखवायचे ठरवले. म्हणजे १५ सेकंदांच्या ओंजळीचे ३० फोटो होतात आणि ती अडीच सेकंद डोळ्यांसमोर राहते. हालचाल थोडी तुटक दिसते, पण माणूस ओळखू येतो. चेहरे दिसणार म्हणून येणाऱ्यांना आधी सांगत होतो. दोघा-तिघांनी नको म्हटले, ते बाजूच्या पायऱ्यांनी उतरले.

परभणीकडच्या एक आजी नातवाचा हात धरून आल्या. कॅमेऱ्याकडे वाकून पाहत म्हणाल्या, "लेकरा, ह्या डबीत मी येईन का?"

"येणार आजी. फक्त घाई करू नका."

त्यांनी घाई केली नाही. चपला वर काढल्या, पदर खोचला. पाणी ओंजळीत घेऊन आधी नातवाच्या डोक्याला लावले, मग स्वतःच्या. पुढे बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मागच्यांनीही घाई केली नाही.

दुपारी गावापासून जवळच असलेल्या गांधारपाले लेण्यांवर गेलो. महामार्गालगतच्या डोंगरात दोन मजल्यांत कोरलेली ही बौद्ध लेणी आपले पुष्कळ लोक महाडला येऊनही न पाहता परत जातात. तसे करू नये. वरून सावित्रीचे खोरे दिसते. जुलै २०२१ च्या महापुरात हे सारे गाव पाण्याखाली गेले होते, ते नदीची वळणे पाहिल्यावर समजते. भिक्खूंच्या खोल्यांत भर मार्चमध्येही गारवा असतो. येथे कॅमेरा पिशवीतच राहिला, कारण पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत स्टँड लावायला परवानगी लागते.

सत्याग्रहाच्या शताब्दीची तारीख २० मार्च २०२७. त्या दिवशी आपली पोरे आकाशातून, गच्चीवरून फिल्मा काढणारच. त्यांतल्या निदान काहींनी एखादा कॅमेरा पायऱ्यांशी ठेवावा आणि अंतर अर्ध्या सेकंदाचे धरावे, अशी माझी सूचना आहे.

आमची फिल्म पुढच्या रविवारी वंदनेनंतर विहारात भिंतीवर दाखवली. गच्चीवरचा एक मिनिटाचा भाग सर्वांनी पाहिला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. पायऱ्यांचा भाग लागल्यावर मात्र बायका पुढे सरकून बसल्या. आजी पडद्यावर आल्या तेव्हा कोणीतरी मागून म्हणाले, "थांबव रे, तिथे थांबव."