बिनरंगाची हाफ प्लेट

सोमवार, ११ मार्च २०२४. टिळकवाडी, बेळगाव

संध्याकाळच्या बातम्यांत आरोग्यमंत्री दिनेश गुंडूराव दिसले. गोबी मंचुरी आणि म्हातारीच्या केसांत कृत्रिम रंग घालायला कर्नाटकभर बंदी. गोबीचे १७१ नमुने तपासले, त्यांतले १०७ असुरक्षित निघाले. टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन ही नावं त्यांनी वाचून दाखवली. म्हातारीच्या केसांत रोडामाइन-बी सापडला. तो तर कापडाचा रंग. नियम मोडणाऱ्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा आणि दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

पाठोपाठ दुसरी बातमी हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीची. मिरचीचा भाव कोसळला म्हणून शेतकऱ्यांचा संताप अनावर झाला. बाजार समितीच्या कार्यालयावर दगडफेक झाली, गाड्या पेटवल्या गेल्या.

दोन्ही बातम्या लाल रंगाच्या आणि एकाच दिवशीच्या. एका बातमीत पुडीतला लाल पकडला गेला, दुसऱ्या बातमीत शेतातला लाल मातीमोल झाला. मला रात्री जेवण गेलं नाही. बत्तीस वर्षं मुलांना रसायनशास्त्र शिकवलं, पण या दोन लालांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे कधी फळ्यावर मांडलं नाही.

बुधवार, १३ मार्च

निपाणीहून भाच्याचा फोन. बसस्टँडच्या अलीकडे त्याची चायनीजची गाडी आहे, अकरा वर्षं झाली. आवाज उतरलेला होता.

"मावशी, रंग मला आवडतोय म्हणून घालतोय काय मी? नाही घातला की गिऱ्हाईक म्हणतंय, कच्चीच दिली काय रे."

मी विचारलं, पुडीवर काय लिहिलंय? म्हणाला, किराणा दुकानात सुटी मिळते, वर काहीच लिहिलेलं नसतं. त्याला म्हटलं, रविवारी येते.

रविवार, १७ मार्च. निपाणी

काल निवडणूक जाहीर झाली. कोगनोळीच्या नाक्याजवळ गाड्या अडवून डिक्क्या उघडायला लावत होते, असं बसमध्ये कुणीतरी सांगत होतं.

साडेपाचला गाडी लागली. भाच्याचं काम जवळून बघायची ही माझी पहिलीच वेळ. फ्लॉवरचे तुरे तोडून मिठाच्या गरम पाण्यात घालतो, आळ्या असतील तर वर येतात. मग निथळून मैदा, कॉर्नफ्लोअर, आलं-लसूण, मीठ यांच्या घोळात बुडवायचे आणि एकदा तळून परातीत काढून ठेवायचे. गिऱ्हाईक आलं की पुन्हा कडकडीत तेलात. तिकडे ब्लोअरच्या भट्टीवर कढई पेटल्यासारखी झालेली असते. तिच्यात लसूण, कांदा, ढबू मिरची, सोया सॉस, चिली सॉस, थोडं व्हिनेगर, कॉर्नफ्लोअरचं पाणी, आणि वरून ते तुरे. सगळं मिळून दीड मिनिट. पूर्वी याच दीड मिनिटात चिमटीभर रंग पडायचा. आता डबा रिकामा होता आणि त्याचा हात सवयीनं दोनदा त्या डब्याकडे गेला.

गोबी तपकिरी दिसत होती. मी खाल्ली. चवीत काडीचा फरक नव्हता.

विड्या वळणाऱ्या दोघी बायका कारखान्यात विड्या देऊन आल्या होत्या. हजार विड्यांच्या हिशोबाने मिळणाऱ्या मजुरीतून लेकरांसाठी एक हाफ प्लेट पार्सल. निपाणीत तंबाखूच्या धुरळ्यात दिवस काढलेल्या बाईची ही आठवड्याची चैन, आणि ती लेकरांसाठी. दोघींतल्या एकीनं डब्यात डोकावून विचारलं, "आज लाल का नाही?" भाच्यानं बंदीचं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं की. पोराची जीभ दोन दिस लाल राहायची." पैसे देऊन गेली.

पण मोटरसायकलवरून आलेली तीन पोरं प्लेट बघून परत गेली. त्यांतला एक जाताना म्हणाला, कागलला जाऊ, तिकडं मिळतीय लाल.

सोमवार, १८ मार्च

सकाळी कोल्हापूरची बस धरली, तिथं एक काम होतं. येताना सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या एका गाडीवरून पार्सल घेतलं. गाडीचं नाव लिहीत नाही. दूधगंगेचा पूल ओलांडला की पदार्थच बदलतो, हे बाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. आमच्याकडे मंचुरी म्हणजे फ्लॉवरचे तुरे. पलीकडे मंचुरियन म्हणजे किसलेल्या कोबीचे गोळे. हिंदीतली गोभी आणि मराठीतला कोबी या दोन शब्दांच्या मधे आमची सीमा आहे. आणि दोन्हीकडच्यांना वाटतं, चीनमध्ये हेच खातात.

हा पदार्थ मुंबईचा. कोलकात्यात वाढलेले चिनी वंशाचे नेल्सन वांग १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये स्वयंपाक करत होते. लसूण, आलं, हिरवी मिरची ही आपली फोडणी, तिच्यात त्यांनी गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लोअरनं रस दाट केला. ते चिकन होतं. पुढे दक्षिणेत आणि आमच्या भागात चिकनच्या जागी फ्लॉवर आला आणि शाकाहारी घरातली पोरंही गाडीवर उभी राहू लागली. वांगांच्या त्या कृतीत सोया सॉसचा तपकिरी रंग पुरेसा होता. लाल पुडी नंतर आली.

बुधवार, २० मार्च

घरी कसोटी लावली. शाळेत असताना अकरावीच्या मुलांकडून करून घ्यायची, तीच. पांढऱ्या लोकरीचा धागा सोड्याच्या पाण्यात धुऊन तेलकटपणा काढला. सीमेपलीकडची मंचुरियन गरम पाण्यात कुस्करली, वर आलेलं तेल काढलं, पाण्यात व्हिनेगर घातलं आणि धागा त्यात दहा मिनिटं उकळला. बाहेर काढून नळाखाली धुतला. धागा शेंदरी-लाल झाला होता आणि धुऊनही तसाच राहिला.

या पुड्यांमधले बहुतेक रंग आम्लधर्मी, ते लोकरीला घट्ट धरतात. दुसऱ्या पातेल्यात भाच्याची रविवारची गोबी होती. त्यातला धागा किंचित मळकट झाला, लाल अजिबात नाही. तिसऱ्यात ब्याडगी मिरची भिजवून वाटलेली. तिच्यातून धागा जवळपास पांढरा निघाला, कारण मिरचीचा लाल पाण्यात उतरतच नाही, तो तेलात उतरतो. पातेल्यावर लाल तेलाचा तवंग आणि खाली धागा पांढरा. तीनही धागे वहीला चिकटवले आहेत.

या घरगुती कसोटीवरून रंग कुठला, किती, हे कळत नाही. ते प्रयोगशाळेचं काम. पण पुडी पडली की नाही एवढं कळतं, आणि खाणाऱ्याला तेवढं पुरे.

सोमवार, २५ मार्च. धुळवड

गल्लीत सकाळपासून रंग. शहापुरात मात्र रंगपंचमीला, शनिवारी.

गच्चीवरून बघताना वरच्या मजल्यावर राहून गेलेल्या मुलीची आठवण झाली. २०१० मध्ये मलेशियाच्या यूएसएम विद्यापीठाचा आणि आमच्या केएलईचा एकत्र वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू झाला आणि नेहरूनगरपासून टिळकवाडीपर्यंत मलेशियन मुलं-मुली भाड्यानं राहू लागली. ही पेनांगची, चिनी वंशाची. पहिल्या आठवड्यात मी प्रेमानं गोबी मंचुरी आणून दिली. तिनं सगळी खाल्ली आणि विचारलं, "आंटी, हे कुठल्या राज्याचं जेवण?" मी म्हटलं, तुमचंच, चायनीज. ती बराच वेळ प्लेटकडे बघत राहिली, मग म्हणाली, "हे बेळगावचं आहे. छान आहे."

एका रविवारी तिनं माझं मोदकपात्र मागितलं. तिच्या गावी सुट्टीच्या सकाळी सगळं घर डिमसम खायला बाहेर पडतं, आजोबा वर्तमानपत्र घेऊन, मुलं झोपेतून उठून. चहा आधी येतो, म्हणून त्या जेवणाला 'यम चा', चहा पिणे, असंच म्हणतात. वाफेच्या बांबूच्या टोपल्या टेबलावर येतात, एकेका टोपलीत तीन-चार घास. सगळ्यांनी वाटून खायचं. गव्हाचं स्टार्च मिळालं नाही, म्हणून तिनं आमच्याच तांदळाच्या उकडीची पारी केली, आत कोलंबी आणि आलं. कळ्या काढताना तिची बोटं माझ्या आईसारखी चालत होती. मी नारळ-गुळाचे केले, तिनं कोलंबीचे. एकाच पात्रात दोन थरांत उकडले. तिचे अर्धपारदर्शक व्हायला हवे होते, ते झाले नाहीत म्हणून ती हिरमुसली. मला मात्र तो मोदकाचा सख्खा भाऊ वाटला.

तिनं रंगाचं एक सांगितलं होतं, ते आज आठवलं. वाफेवरच्या पदार्थाला लपायला जागा नसते. पारी शिळी असली, कोलंबी शिळी असली तर लगेच दिसते. लाल रसात काहीही लपतं.

रविवार, ७ एप्रिल

शाळेतल्या जुन्या सहकारी आम्ही चौघी कॅम्पातल्या एका हॉटेलात डिमसम खायला गेलो. हॉटेलचं नाव लिहीत नाही. टोपली आली ती कोमट. पाऱ्यांच्या कडा सुकून ताठ झालेल्या, एक टोपलीला चिकटून फाटली. वाफेवरचा पदार्थ ताटकळत ठेवला की त्याचं असंच होतं, मोदकाचंही होतं. एक पारी गुलाबी होती. वेटरला विचारलं, गुलाबी कशानं? तो आत जाऊन आला, म्हणाला, बीटानं. खरं असेल. पण विचारणारं गिऱ्हाईक त्याला नवीन होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. शेजारच्या टेबलावर शेजवान चटणीची दुसरी वाटी मागवली गेली आणि डिमसम तिच्यात बुडवून संपले. त्यांना दोष देत नाही. त्या कोरड्या पारीला चटणीच वाचवू शकत होती.

रविवार, १४ एप्रिल. निपाणी

हे दिवस तिखट करायचे. डंकावर रांग, रस्ताभर मिरचीचा ठसका. संकेश्वरी झणझणीत, ब्याडगी रंगाला. आमच्याकडच्या प्रत्येक बाईला दोन्हींचं प्रमाण तोंडपाठ असतं. मग गाडीवरच ती ब्याडगी का पोचू नये?

भाच्यानं आधीच करून बघितलं होतं आणि फसलं होतं. वाटलेली मिरची भट्टीच्या जाळावर टाकली, करपली, गोबी कडू झाली आणि रंगही काळपट. मी त्याला लोकरीचे धागे दाखवले. रंग तेलात उतरतो, मग आधी तेलातच उतरवू. दुपारी घरी बी काढलेली ब्याडगी कोमट पाण्यात भिजवली, बारीक वाटली आणि मंद आचेवर तेलात तासभर परतली. तेल कुंकवासारखं सुटलं. ते बरणीत भरलं. संध्याकाळी कढई उतरवता उतरवता एक पळी वरून घातली.

पुडीसारखा भडक लाल नाही आला. विटेसारखा आला, चकाकी असलेला. वास मात्र असा की शेजारचा भेळवाला बघायला आला.

प्लेटमागं दोन-तीन रुपये जास्त जातात. भाव वाढवायची त्याची हिंमत नाही. मी त्याला हिशोब करून दिला, तुरे दोन कमी घाल असंही सुचवलं. त्यानं ऐकलं नाही. "मावशी, प्लेट हलकी दिली तर ते रंगापेक्षा वाईट."

मंगळवार, ७ मे

मतदान. बोटाला शाई. भाच्याचा फोन, धंदा मार्चपेक्षा कमी, पण एप्रिलपेक्षा बरा. विड्या वळणाऱ्या त्या दोघी आता आणखी चौघींना घेऊन येतात. मोटरसायकलवाली पोरं आली नाहीत.

मंगळवार, २५ जून

काल कबाबातल्या रंगावरही बंदी आली. ३९ नमुन्यांपैकी ८ असुरक्षित. गोव्यात या वर्षाच्या सुरुवातीला म्हापशाच्या पालिकेनं बोडगेश्वराच्या जत्रेच्या वेळी गोबीच्या गाड्याच बंद करायचं ठरवलं. त्याआधी २०२२ मध्ये वास्कोच्या दामोदर सप्ताहाच्या फेरीतही हाच प्रश्न निघाला होता. गाड्या उठवणं मला पटत नाही. ज्याचं पोट त्या कढईवर आहे, त्याला कढई ठेवून पुडी सोडायची वाट दाखवायला हवी. कर्नाटकानं निदान पदार्थ ठेवला आणि रंग काढला, हे बरोबर केलं. पण बंदीच्या कागदासोबत प्रत्येक गाडीवर ब्याडगीची कृती दिली असती, तर त्या दिवशी ब्याडगीत पेटलेल्या शेतकऱ्यालाही थोडा भाव मिळाला असता.

तपासनीस वर्षातून एकदा येईल. गिऱ्हाईक रोज येतं. पुडी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी आली, ती जाईलही गिऱ्हाइकाच्याच तोंडच्या शब्दानं. बेळगावात असाल, निपाणीत असाल, कागलला असाल, गाडीवर उभं राहिल्यावर एवढंच म्हणा: बिनरंगाची द्या. कानडीत म्हणायचं तर, बण्ण ब्याड्री. आणि तशी मिळाली, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच गाडीवर जा.