बी.कॉम. झालं, आता बी.एड. करायचं का?

पदवीचे निकाल लागले की महालात माजी विद्यार्थ्यांचे पालक भेटतात आणि विचारतात, "मॅडम, पोरीचं बी.कॉम. झालं, बी.एड.ला टाकून देऊ का?" मी स्वतः डी.एड. करून प्राथमिकला शिकवते, त्यामुळे मला सगळं माहीत असेल असं त्यांना वाटतं. "टाकून देऊ" हे ऐकलं की मात्र मला धस्स होतं. दोन वर्षं जातात, घरचे पैसे जातात, आणि पदवी हातात आल्यावर कळतं की हव्या त्या वर्गाचं दारच उघडत नाही.

म्हणून मी उलट विचारते, पोरीला कोणत्या वर्गापुढे उभं राहायचंय?

लहान मुलांना, म्हणजे पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बी.एड.चा उपयोग नाही. २०१८ मध्ये बी.एड.वाल्यांना या वर्गांसाठी मुभा मिळाली होती. पण ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि ती वाट बंद झाली. इथे डी.एल.एड.च हवं, म्हणजे आमचं जुनं डी.एड. ते बारावीनंतरचं आहे, त्यामुळे पदवीधर पोरीला 'मागे जाणं' वाटतं आणि घरच्यांना कमीपणा. मला तसं वाटत नाही. तिसरीच्या पोरांना हातचा समजावणं काय असतं, ते एकदा करून बघा म्हणावं!

सहावी ते आठवीला पदवीसोबत बी.एड. किंवा डी.एल.एड., दोन्ही चालतात. आठवीपर्यंत शिक्षक पात्रता परीक्षा मात्र हवीच. पेपर दोनला गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र निवडावं लागतं. वाणिज्य तिथे नाही.

खरी गोची पुढे आहे. आपल्या बोर्डात नववी-दहावीला वाणिज्य हा मुख्य विषयच नाही. पुस्तपालन व लेखाकर्म, वाणिज्य संघटन, चिटणीसाची कार्यपद्धती, हे सगळं अकरावी-बारावीला. आणि तिथे शिकवायला बी.एड.सोबत त्या विषयातली पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.कॉम. लागतं. नुसतं बी.कॉम.-बी.एड. असलेली व्यक्ती मधेच अडकते, हे प्रवेश घेताना कोणी सांगत नाही. माझी एक माजी विद्यार्थिनी हे कळल्यावर आधी एम.कॉम.ला गेली. सकाळी इतवारीतल्या एका दुकानाची रोजकीर्द-खतावणी लिहिते, दुपारी अभ्यास. मला वाटतं, उद्या खतावणी शिकवताना तिला उदाहरण शोधावं लागणार नाही.

"आता एका वर्षाचं बी.एड. येणार आहे, थांबू का?" हाही प्रश्न असतो. २०२५ च्या मसुद्यात ते चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी आहे. तीन वर्षांच्या बी.कॉम.वाल्यांनी त्याच्या भरवशावर बसू नये. तसंच मुक्त विद्यापीठाचं बी.एड. हे नोकरीत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी असतं, 'घरबसल्या करते' म्हणणाऱ्यांसाठी नाही.

बी.एड.च ठरलं, तर सीईटी द्यायची आहेच. पण कॉलेजचा पर्याय भरण्याआधी तिथे एकदा जाऊन या. एन.सी.टी.ई.ची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता कागदावर बघा. वाणिज्य अध्यापन पद्धती तिथे खरंच शिकवतात का, की दोन-तीनच विद्यार्थी म्हणून दुसरी पद्धत घ्यायला लावतात, हे स्पष्ट विचारा. "हजेरीचं आम्ही पाहून घेऊ" असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. दोन वर्षांत मिळून वीस आठवडे शाळेत काढायचे असतात, शिकवणं तिथेच जमतं. ती सरावाची शाळा कोणती ते विचारून घ्या, आणि छात्राध्यापक रोज येतात का, हे तिथल्या शिपाईदादांना विचारा. त्यांना सगळं माहीत असतं.