एक चौरस फूट स्कॉटलंड

‘कुठं निघालीस?’ आईनं फोनवर विचारलं.
‘दारूचा कारखाना बघायला.’
पलीकडे पाच सेकंद शांतता. मग, ‘बरं. जेवून जा.’

तर मंडळी, ही गोष्ट 2018च्या सप्टेंबरमधली. पुण्याहून ‘फक्त तीन महिन्यांसाठी’ म्हणून ग्लासगोला प्रोजेक्टवर गेले होते. तीनाचे सहा झाले, सहाचे चौदा. आणि एका शुक्रवारी दुपारी मेल आला, महिनाअखेर प्रोजेक्ट बंद. परत गेल्यावर बेंचवर बसायचं की घरी, याचं उत्तर एचआरकडेही नव्हतं. पुण्यातल्या 540 चौरस फुटांच्या फ्लॅटचा हप्ता मात्र दर पाच तारखेला न चुकता कापला जात होता.

टीममधल्या एका स्कॉटिश काकांनी निरोपाची भेट म्हणून लाफ्रॉइगची बाटली दिली. पहिला घोट घेतला आणि थेट सांगलीतल्या आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पोचले! आयोडीन, बँडेज, धूर आणि मीठ. हे लोक पैसे देऊन पितात? पण बाटलीसोबत एक कोड होता. तो नोंदवला की डिस्टिलरीच्या शेजारच्या माळावर एक चौरस फूट जमीन आयुष्यभराच्या भाडेपट्ट्यानं तुमच्या नावावर. 1994 पासूनची योजना. भाडं उलट डिस्टिलरीच देणार, वर्षाला एक पेग, तोही तिथं जाऊन घ्यायचा. ज्या चौरस फुटासाठी आम्ही वीस वर्षांचं कर्ज काढतो, तो इथं बाटलीवर फ्री! म्हटलं, जाण्याआधी आपली इस्टेट तर बघून येऊ.

आयला हे स्कॉटलंडच्या पश्चिमेचं बेट. ग्लासगोहून बसनं लॉक लोमंडच्या काठाकाठानं केनाक्रेग धक्क्यावर, तिथून फेरीबोटीनं सव्वादोन-अडीच तास. पोर्ट एलनला उतरलं की समुद्राच्या कडेनं पायवाट लागते. तिच्यावर ओळीनं तीन डिस्टिलऱ्या : लाफ्रॉइग, लागाव्हुलिन, आर्डबेग. समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला हात करतो. पहिल्या दोघांना वाटलं, आपल्याला ओळखतात की काय. नंतर कळलं, बेटाची पद्धतच आहे ती.

अर्ध्या तासात पांढरीशुभ्र भिंत आणि तिच्यावर काळ्या ढब्बू अक्षरांत नाव. वास मात्र त्याच्याही आधी आला. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे डिस्टिलरी म्हटलं की साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस भपकारा. आपल्याकडे ‘व्हिस्की’ म्हणून खपणारा बराचसा माल याच मळीच्या स्पिरिटवर बनतो. स्कॉटलंडच्या कायद्यात ते बसत नाही. तिथं धान्यच लागतं, आणि सिंगल माल्ट म्हणायचं तर एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आलेल्या बार्लीपासून.

माल्ट म्हणजे काय, हे गाइड पोरगा मन लावून समजावत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर आजीचं नाचणी सत्त्व! भिजवा, मोड आणा, वाळवा, दळा. अगदी तेच. मोड येताना दाण्यातल्या पिठाची साखर करणारी द्रव्यं जागी होतात. पण मोड फार वाढू दिला तर साखर रोपच खाऊन टाकणार. म्हणून नेमक्या वेळी थांबवायचं. लाफ्रॉइगमध्ये हे काम अजूनही जमिनीवर चालत होतं. लांबलचक खोलीत ओली बार्ली पसरलेली, आणि माणसं ती फावड्यांनी वरखाली करत होती. न हलवली तर मुळ्या एकमेकींत गुंततात आणि दाणे तापतात. खरं तर त्यांच्या गरजेचा थोडाच माल्ट इथं बनायचा, बाकीचा तेव्हा पोर्ट एलनच्या मोठ्या माल्टिंग कारखान्यातून यायचा. तो स्वस्तही पडायचा. मग हा खटाटोप कशाला? गाइड म्हणाला, ‘चव.’ जरा थांबून म्हणाला, ‘आणि माणसं.’

मग भट्टी. बेटावर झाडं कमी, म्हणून पूर्वापार जळण पीटचं. हजारो वर्षं दलदलीत दबून राहिलेलं शेवाळ, गवत, झुडपं. त्याच्या विटा कापून वाळवायच्या, आपल्या शेणी थापून ठेवतात तशा. ओलसर माल्टला आधी या पीटचा थंडसर धूर देतात, नंतर गरम हवेनं वाळवतात. दवाखान्याचा तो वास इथला. धुरातली फिनॉल्स दाण्यात बसतात, दहा लाखांत साधारण 40 ते 45 भाग. गाइडनं चार दाणे हातावर ठेवले. चुलीत भाजलेल्या हुरड्याची आठवण झाली, फक्त जरा जास्तच करपलेल्या.

पुढचं भराभर. दळलेला माल्ट गरम पाण्यात घालून साखर काढायची, यीस्ट टाकून दोनेक दिवस आंबवायचं, मग तांब्याच्या घाटदार भांड्यांत दोनदा ऊर्ध्वपातन. अशी भांडी सात. दुसऱ्या खेपेला सुरुवातीची धार घेत नाहीत, तब्बल 45 मिनिटं ती बाजूला काढतात. गोड, फळांसारखे वास त्या धारेसोबत जातात आणि धुराचा जड भाग मागून येतो. म्हणून ही व्हिस्की अशी राकट. बाहेर पडते पाण्यासारखी, रंग येतो लाकडातून. अमेरिकेत बर्बनला दरवेळी नवंकोरं जळवलेलं ओकचं पिंप लागतं, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपं इथं येतात. त्यांत निदान तीन वर्षं झोपली तरच तिला कायद्यानं स्कॉच म्हणायचं. गोदामाच्या भिंतीला समुद्र खेटलेला. दरवर्षी दोनेक टक्के व्हिस्की हवेत उडून जाते. तो म्हणे देवदूतांचा वाटा!

अलेक्झांडर आणि डोनाल्ड जॉन्स्टन या भावांनी 1815 साली ही डिस्टिलरी सुरू केली. 1847 मध्ये डोनाल्ड भट्टीतल्याच पिंपात पडून गेला. पुढे शेजाऱ्याशी कज्जेदलाली. लागाव्हुलिनच्या पीटर मॅकीनं हिचं पाणी अडवलं, मग 1908 मध्ये हिच्याच धर्तीवर ‘माल्ट मिल’ नावाची छोटी डिस्टिलरी काढली. चव काही जमली नाही. घराण्यातला शेवटचा मालक इयान हंटर. अमेरिकेत दारूबंदी असताना ‘हे औषध आहे, वास घेऊन बघा’ म्हणत माल तिकडे खपवला, असं सांगतात. माझा तर लगेच विश्वास बसला.

पण मी थबकले ते बेसी विल्यमसनच्या फोटोसमोर. ग्लासगोची पदवीधर मुलगी. 1934 मध्ये उन्हाळ्यापुरती, तीन महिन्यांसाठी, टायपिस्ट म्हणून इथं आली. तीन महिने! हंटरला 1938 मध्ये पक्षाघात झाला आणि हळूहळू कारभार तिच्याकडे आला. महायुद्धात लष्करानं आवारात दारूगोळा ठेवला, तेव्हाही ती होती. 1954 मध्ये हंटर गेला. मूलबाळ नव्हतं. मृत्युपत्रात डिस्टिलरी बेसीच्या नावावर! विसाव्या शतकात स्कॉच डिस्टिलरीची मालकीण आणि चालक असलेली एकमेव बाई म्हणून तिचं नाव घेतात. साठच्या दशकात तिनं टप्प्याटप्प्यानं कंपनी बाहेरच्यांना विकली, पण 1972 पर्यंत कारभार सोडला नाही.

‘टेम्पररी’ शब्दाचा मला त्या महिन्यात भयंकर राग होता. बेसीचीही नोकरी टेम्पररीच होती की. पण मला मालक मृत्युपत्रात काही ठेवणार नव्हता, आणि चौदा महिन्यांत मी आमच्या कामातलं माझ्यापुरतंच शिकले होते. शेजारच्या टेबलावर काय चालतं, हे कधी विचारलंही नव्हतं. हे तिच्या फोटोसमोर उभं राहून कळावं, याची जरा लाजच वाटली.

मग इस्टेट. काउंटरवर नकाशा, कागदी झेंडा आणि पायाला येतील ते गमबूट मिळाले. रस्त्यापलीकडचा माळ म्हणजे चिखल, लव्हाळं आणि जगभरचे झेंडे. जपान, स्वीडन, जर्मनी. अंदाजानं पावलं मोजली आणि तिरंगा रोवला. दोन्ही पाय जेमतेम मावले. फोटो काढायला कुणी नव्हतं. वारा इतका की झेंडा रात्र काढणार नाही, हे दिसतच होतं. पण पाच मिनिटं मी माझ्या जमिनीवर उभी होते, जिचा हप्ता नव्हता.

परत येऊन भाड्याचा पेग वसूल केला. या वेळी दवाखाना वाटला नाही. धूर वाटला, आणि मागून हळूच गोडवा.

पुण्यात दोन महिने बेंचवर काढले. तिसऱ्या महिन्यात दुसरी टीम मिळाली. पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावर जाऊन विचारलं, ‘तुमचं नेमकं काय चालतं?’

जायचं असेल तर : मे ते सप्टेंबर उत्तम, तरी रेनकोट हवाच. फेरी आणि डिस्टिलरीची टूर आधी बुक करा, वाऱ्यामुळे बोट रद्द होऊ शकते, म्हणून एक दिवस हाताशी ठेवा. तिन्ही डिस्टिलऱ्या चालत होतात, तेव्हा गाडी नकोच. आणि हो, जेवून जा.