आधीं तपास, मग निकाल

एखादें यंत्र बंद पडलें म्हणजे त्याच्याभोंवतीं चार माणसें जमतात, आणि त्या चौघांचीं मतेंही चार असतात. एकजण म्हणतो पेट्रोल वाईट आहे. दुसरा म्हणतो यंत्रच जुनें झालें. तिसरा चालविणाऱ्याच्या हाताला नांवें ठेवतो. आणि चौथा सांगतो कीं हें आतां भंगारांत घालावें हेंच बरें. यांपैकीं एखादें मत खरेंही असूं शकेल. परंतु तपासून पाहण्यापूर्वीं त्याचा निकाल म्हणून स्वीकार करणें हें मात्र धोक्याचें आहे. गेल्या हिवाळ्यांत एका जुन्या मालमोटारीच्या निमित्तानें या गोष्टीचा जो प्रत्यक्ष पाठ पाहावयास मिळाला, तो आपणांपुढें व आपल्या पालकांपुढें ठेवावा असें वाटतें.

माझ्या नववीच्या वर्गांतील एका मुलाचे आजोबा वाई तालुक्यांतील एका खेड्यांत राहतात. त्यांच्या वडिलांनीं घेतलेली १९४६ सालची शेव्हरोलेट मालमोटार घराच्या मागील पडवींत अद्याप उभी आहे. अशा गाड्या एके काळीं आपल्या इलाख्यांत पुष्कळ होत्या. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला होता. तो १९५४ सालीं बंद झाला. आजोबांनीं तरुणपणीं याच गाडींतून गूळ व हळद भरून, खंबाटकीचा घाट ओलांडून, पुण्यास कित्येक खेपा केल्या. आतां ती हमरस्त्यावर जात नाहीं. घरच्या शेतांत खत व कडबा वाहण्यापुरतीच चालते. परंतु रोज सकाळीं ती सुरू करून घटकाभर तिचा आवाज ऐकत बसणें हा आजोबांचा नित्यक्रम होता.

दिवाळीनंतर गाडी बिघडली. ती सुरू होण्यास फार वेळ घेऊं लागली. चढावर दम टाकूं लागली. सायलेन्सरांत धडधड होई आणि पाणी लवकर उकळे. शहरांतील एका कारखानदारानें येऊन पाव तास पाहिलें व सांगितलें कीं पिस्टनच्या रिंगा आणि वाल्व्ह गेले आहेत, सबंध इंजिन उघडावें लागेल. त्याला येणारा खर्च ऐकून मुलाच्या वडिलांनीं गाडी भंगारवाल्यास देण्याचें ठरविलें. संसारी माणसानें असा विचार करावा यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु त्याबरोबरच घरांत आणखी एक वाक्य बोललें जाऊं लागलें कीं, आजोबांचा हात आतां पूर्वीचा राहिला नाहीं, रोज सकाळीं उगीच सुरू करून त्यांनींच इंजिन बिघडविलें. आजोबांनीं त्यावर उत्तर दिलें नाहीं. एके दिवशीं मधल्या सुटींत तो मुलगा मला म्हणाला, "सर, आबा आतां पडवीकडे बघतसुद्धां नाहींत." भंगारवाला तीन आठवड्यांनीं यावयाचा होता. वडिलांची परवानगी घेऊन आम्ही पुढच्या शनिवारीं तेथें गेलों.

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनास मुख्यतः तीन गोष्टी लागतात: हवा व पेट्रोल यांचें योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब, आणि नेमक्या क्षणीं पडणारी जोरदार ठिणगी. दोष कोठेंही असो, तो या तीन घरांपैकीं एखाद्या घरांत सांपडतो. मुलाला घाई झाली होती. तो म्हणाला, "सर, सगळेंच नवें घालूं या का?" मीं त्याला सांगितलें, "सगळें एकदम बदललें आणि गाडी चालली, तर काय बिघडलें होतें तें कधींच कळणार नाहीं. एका वेळीं एकच बदल करावयाचा, आणि काय दिसलें तें लगेच वहींत लिहावयाचें." वही त्याच्याकडे दिली.

प्रथम दाब पाहिला. कळ बंद ठेवून, गिअर काढून, पुढून हँडल घातलें व इंजिन सावकाश फिरविलें. दट्ट्या मिश्रण दाबीत वर येतो त्या वेळीं हाताला विरोध जाणवतो. ज्या सिलिंडरच्या रिंगा किंवा वाल्व्ह गेले असतील त्याच्या पाळीला हात एकदम हलका पडतो. दोन फेऱ्यांत सहा सिलिंडरांच्या सहा पाळ्या येतात. सहाही वेळां हाताला सारखाच जोर लागला. पुढें दाबमापक लावून पाहिलें, तेव्हां सहाही आंकडे एकमेकांच्या जवळ आले. म्हणजे ज्या कारणावरून इंजिनास मृत्युदंड झाला होता, तें कारण पहिल्या अर्ध्या तासांतच खोटें ठरलें. कार्बुरेटरमधील पेट्रोलही स्वच्छ होतें. राहिली ठिणगी.

एका प्लगची तार काढून, रबरी मुठीच्या चिमट्यानें तिचें टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाव इंचावर धरलें. (हा प्रयोग मुलांनीं जाणत्या माणसावांचून करूं नये.) निळसर, चटचट वाजणारी ठिणगी पडावयास हवी होती, पडली ती पिवळट व मरगळलेली.

ही ठिणगी कशी उत्पन्न होते तें थोडक्यांत सांगतों. अमेरिकन यंत्रज्ञ चार्ल्स केटरिंग यानें बसविलेली ही व्यवस्था १९१० सालच्या कॅडिलॅक मोटारींत आली, आणि पुढें कित्येक दशकें जगांतील बहुतेक पेट्रोलच्या गाड्या तिच्यावरच चालल्या. बॅटरीचा सहा व्होल्टचा प्रवाह कॉइलमधील जाड तारेच्या वेढ्यांतून वाहतो व तेथें चुंबकत्व निर्माण होतें. डिस्ट्रिब्यूटरमधील दोन पॉइंट एकमेकांपासून सुटतांच तो प्रवाह तुटतो, चुंबकत्व एकाएकीं नाहींसें होतें, आणि बारीक तारेच्या हजारों वेढ्यांत कित्येक हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगमध्यें ठिणगी उडते. लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, ठिणगी पॉइंट जुळतांना पडत नाहीं, सुटतांना पडते. प्रवाह जितका झटकन तुटेल तितकी ती जोरदार. तो पॉइंटांमध्येंच रेंगाळूं नये यासाठीं शेजारीं कंडेन्सर नांवाची एक लहानशी डबी असते. पडवीचें दार लोटून अंधारांत आम्हीं पाहिलें, तों पॉइंटांमध्यें लख्ख उजेड पडत होता. जी शक्ति प्लगकडे जावयाची, ती तेथेंच जळत होती. पुण्याच्या जुन्या बाजारांतून त्या मापाचा कंडेन्सर आणून बसविला. ठिणगी निळी झाली आणि गाडी पहिल्या खटक्यास सुरू झाली. मुलानें टाळ्या वाजविल्या.

बहुतेकांचा तपास येथें थांबतो. आमचा थांबला नाहीं. कारण वहींत चार तक्रारी लिहिल्या होत्या व त्यांपैकीं एकच मिटली होती. चढावर गाडी अजून दम टाकीत होती, सायलेन्सर धडधडत होता व पाणी उकळत होतें. एक दोष सांपडला म्हणून दुसरा नाहीं असें होत नाहीं. उलट मोठ्या दोषाच्या आड लहान दोष लपून बसतो.

दुसऱ्या शनिवारीं आम्हीं ठिणगीची वेळ तपासली. ठिणगी पडतांच सर्व मिश्रण एकाच क्षणीं पेटत नाहीं. ज्योत पसरण्यास सेकंदाचे कांहीं सहस्रांश लागतात. इंजिन मिनिटास १२०० फेरे फिरत असेल, तर सेकंदाच्या एका सहस्रांशांत त्याचा दांडा सात अंशांहून थोडा अधिक फिरतो. म्हणून दट्ट्या माथ्यावर पोंचण्यापूर्वींच ठिणगी टाकावी लागते. झोपाळा परत फिरण्याच्या क्षणीं धक्का मिळाला तर तो उंच जातो. पुढें निघून गेल्यावर दिलेला धक्का वायां जातो. ठिणगी उशिरां पडली तर दट्ट्या खालीं निघून गेल्यावरही मिश्रण जळत राहतें. मग काम कमी होतें, आणि उरलेली उष्णता सिलिंडरच्या भिंतींत व धुराच्या नळींत शिरते. उरलेल्या तिन्ही तक्रारींचें मूळ एकच असूं शकेल, असें यावरून वाटूं लागलें.

या इंजिनाच्या फ्लायव्हीलवर एक पोलादी गोळी बसविलेली असते. पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या माथ्यापासून पांच अंश अलीकडे असतां ती आवरणाच्या भोंकांतून कांट्यासमोर दिसते. एका पूर्ण चक्रांत गोळी दोनदां दिसते, एकदां दाबाच्या वेळीं व एकदां धूर बाहेर जाण्याच्या वेळीं. म्हणून पहिल्या प्लगच्या भोंकावर बोट ठेवून, वाफारा बोटाला ढकलतो तीच पाळी धरली. पॉइंटच्या तारेस एक लहान दिवा जोडला. पॉइंट सुटतांच तो लागावयाचा. गोळी कांट्यासमोर आली, पुढें गेली, बरीच पुढें गेली, आणि मग दिवा लागला.

याचें कारण पॉइंटांत होतें. ते पूर्ण उघडले असतां त्यांच्यामध्यें सुमारें १८ सहस्रांश इंच अंतर हवें; आमचें त्याच्या निम्म्याहूनही कमी भरलें. डिस्ट्रिब्यूटरमधील षट्‌कोनी दांड्यावर घासत राहणारी फायबरची टाच झिजली होती. टाच झिजली कीं अंतर घटतें. अंतर घटलें कीं पॉइंट उशिरां सुटतात. आणि पॉइंट उशिरां सुटले कीं ठिणगी उशिरां पडते. म्हणून आधीं अंतर, मग वेळ, हा क्रम मोडतां येत नाहीं. पॉइंट कानशीनें साफ करून अंतर बसविलें, तेव्हां दिवा गोळीच्या बराच जवळ आला, तरी थोडा मागेंच राहिला. डिस्ट्रिब्यूटरखालीं एक मोजपट्टी असते. हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर इंजिनास ठोका येऊं नये म्हणून ठिणगी कांहीं अंश मागें नेण्याची ती सोय आहे. कोणी तरी कधीं काळीं ती पार मागें सारून ठेवली होती. आजचें पेट्रोल त्या काळच्या पेट्रोलपेक्षां ठोका अधिक सोसणारें असल्यानें तिची गरज उरली नव्हती. ती मधोमध आणली. गोळी कांट्यासमोर येतांच दिवा लागला.

तिसऱ्या शनिवारीं मीं आजोबांना मुद्दाम बोलावून आणलें. मोजमाप झालें तरी शेवटची परीक्षा भार घालून चढावरच होते. गाडींत शेणखत भरलें, मुलाचे वडील चालवावयास बसले व आजोबा शेजारीं. मळ्याच्या चढावर वरच्या गिअरांत पेट्रोल पूर्ण सोडलें असतां क्षणभर हलकासा ठोका ऐकूं यावा व लगेच नाहींसा व्हावा, ही वेळ बरोबर असल्याची खूण होय. पहिल्या फेरीनंतर आजोबा म्हणाले, "मास्तर, एक रेघ पुढें घ्या. घाटांत ही अशी बोलत नसे." आम्हीं पट्टी एक रेघ पुढें घेतली. दुसऱ्या फेरीनंतर ते म्हणाले, "आतां केसभर मागें." तिसऱ्या फेरीला त्यांनीं कांहींच सांगितलें नाहीं, नुसती मान हलविली. चढ संपला, पाणी उकळलें नव्हतें. दिव्यानें जी जागा दाखविली होती तिच्या अगदीं जवळ त्यांचा कान येऊन थांबला होता. हा माणूस आपलें इंजिन ओळखीनासा झाला होता, असें यानंतर कोण म्हणेल?

मुलानें वडिलांना वही वाचून दाखविली: दाब ठीक, पेट्रोल ठीक, कंडेन्सर निकामी, टाच झिजलेली, पट्टी मागें सारलेली. चालविणाऱ्याच्या हयगयीची नोंद तींत कोठेंही नव्हती. वडिलांनीं ती वही स्वतः एकदां चाळली. मग गाडीची किल्ली खिशांतून काढून आजोबांच्या हातीं दिली व म्हणाले, "उद्यां सकाळीं तुम्हीच सुरू करा, आबा." भंगारवाल्यास निरोप गेला.

हें इंजिन अमर नाहीं. आज ना उद्यां त्याच्या रिंगा खरोखरच झिजतील, आणि त्या दिवशीं तें उघडावेंही लागेल. परंतु तो निकाल पुराव्यावरून झालेला असेल, अंदाजावरून नव्हे.

पालकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, मुलाचे गुण एकाएकीं कमी झाले म्हणजे आपणही पाव तास पाहून निकाल देतों: आळशी आहे, लक्ष नाहीं, डोकें नाहीं. गुण हें पाण्याचें उकळणें आहे; तो दोष नव्हे, दोषाचें चिन्ह आहे. फळ्यावरील अक्षर त्याला मागच्या बांकावरून दिसतें काय, मागील इयत्तेंतील अपूर्णांक त्याला समजले होते काय, रात्रीं त्याची झोंप पुरी होते काय, हें एकेक करून पाहावें. पुष्कळदां एखादी लहानशी टाच झिजलेली आढळते, आणि तिच्यासाठीं आपण सबंध इंजिनास नांवें ठेवीत असतों. आणि मुलांनो, तुम्ही पुढें यंत्रें दुरुस्त करा, रोगी तपासा किंवा न्यायासनावर बसा. हातीं वही असूं द्या, एका वेळीं एकच प्रश्न विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत कोणालाही दोषी म्हणूं नका.