खार, चिंच आणि रिकामा डबा

मार्च लागला की अकोल्याच्या जठारपेठेत घरोघरी कूलर खाली उतरतात. वर्षभर माळ्यावर पडलेल्या कूलरच्या टाकीत, पंपाच्या जाळीवर, पाणी सोडणाऱ्या नळीच्या बारीक भोकांत पांढरा खार घट्ट बसलेला असतो. अकोल्याचं पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येतं, पण नळ काही रोज येत नाही. कूलरचं पोट भरायला बोअरच लावावा लागतो आणि बोअरचं पाणी जड. त्यात आपण पूर्णेच्या खोऱ्यातले. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथं विहीर खणली तरी पाणी खारट लागतं. त्यामुळे वऱ्हाडातल्या बाईचं निम्मं घरकाम म्हणजे पाण्यानं मागे ठेवलेल्या खुणा पुसणं.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि त्याच जोडीनं घर चालवलं. त्यामुळे गल्लीतल्या मुली, सुना ‘मॅडम, यावर काही घरगुती उपाय आहे का?’ म्हणत येतात. कूलर घेऊन आलेल्या प्रत्येकीला मी आधी एकच गोष्ट करायला सांगते. लिंबाचे चार थेंब त्या पांढऱ्या थरावर टाक आणि डोळे जवळ नेऊन बघ. बारीक बुडबुडे उठले तर तो चुनखडीचा थर, आम्लानं विरघळेल. बुडबुडे उठले नाहीत आणि थर बोटाला खारट, भुसभुशीत लागला, तर ते बहुतेक नुसतं मीठ. त्याला लिंबू नको, व्हिनेगर नको, रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवलं तरी निघून जातं. ही चार थेंबांची तपासणी न करता लोक पैसे आणि कष्ट दोन्ही वाया घालवतात.

चुनखडी निघाली तर किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व आणायचं. सरबतात आणि घरच्या पनीरला पडणारी तीच पांढरी साखरेसारखी पूड. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे विरघळवून पंप आणि नळी त्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवली की भोकं मोकळी होतात. प्लास्टिकच्या टाकीत हे पाणी थेट भरलं तरी चालतं. पत्र्याच्या टाकीत मात्र भरून ठेवायचं नाही, कारण पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि आम्ल तो खातं. पुढच्या पावसाळ्यात टाकी गंजून गळायला लागते. आणि हे काम शहाबादी फरशीवर बसून तर मुळीच करायचं नाही. शहाबादी म्हणजेही चुनखडीचाच दगड. जी क्रिया खाराला काढते तीच फरशीची झिलई काढते, आणि तो डाग मग कशानंच जात नाही. लिंबाला कूलर कोणता आणि फरशी कोणती हे कळत नाही. ते आपल्याला कळावं लागतं.

मला या कामात जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. घरातल्या वस्तूवर लिहिलेलं काम हे दुकानदाराच्या सोयीचं असतं. वस्तू मात्र स्वतःच्या गुणानं वागते. चिंच आंबट आहे म्हणून ती आमटीत जाते आणि आंबट आहे म्हणूनच तांब्याचा हंडा उजळवते. गुण ओळखता आला की दुसरं काम आपोआप सुचतं. गुण न ओळखता नुसती युक्ती पाठ केली की ती कधी ना कधी उलटते.

हे मला पुस्तकानं आधी शिकवलं नाही, आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी शिकवलं. त्या दर्यापूरकडच्या, खारपाणपट्ट्यातल्या. शाळा पाहिलेली नाही, पण घरात एकही वस्तू एका कामापुरती नव्हती. मी लग्न होऊन आले तेव्हा आमटीचा कोळ काढून उरलेला चिंचेचा चोथा टाकायला निघाले, तर त्या म्हणाल्या, ‘फेकू नोको वं पोरी. पयले पाय त्याच्यात काय गुन हाये.’ तो चोथा, चिमूटभर मीठ, आणि देवघरातली समई, घंटी, तांब्या सगळं पाच मिनिटांत लख्ख. पितळेवरचा, तांब्यावरचा काळपट थर म्हणजे धातूचा हवेशी झालेला संयोग. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तो विरघळवतं. तेलकट कढईला मात्र त्या चिंच लावत नसत. तिथं चुलीतली राख. राख अल्कधर्मी, तेलाशी मिळून ती थोडासा साबणच तयार करते. ‘तेलाले राख, कायाले चिच,’ एवढंच त्या म्हणत. आयुष्यभर वर्गात आम्ल आणि अल्क शिकवल्यावरही मला याहून नेमकं वाक्य सुचलेलं नाही.

आणि त्यांनी राख आणि चिंच कधीही एकत्र कालवली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आता मोबाइलवर रोज एक तरी व्हिडिओ येतो: सोड्यात लिंबू पिळा, सोड्यात व्हिनेगर ओता, बघा कसा फेस! फेस दिसतो खरा, पण त्या फेसात दोघांचंही बळ संपतं. आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात, कार्बन डायऑक्साइड वायू उडून जातो आणि खाली उरतं ते जवळपास मिठाचं पाणी. मोरीच्या तोंडाशी अडकलेला मऊ कचरा त्या बुडबुड्यांनी थोडा हलतो, इतकाच उपयोग. ज्याला खार काढायचा आहे त्यानं नुसतं आम्ल वापरावं, ज्याला तूप-तेल काढायचं आहे त्यानं नुसता सोडा. डोळ्यांना सुखावणारी गोष्ट काम करतेच असं नाही, हे या व्हिडिओंच्या काळात पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

सोड्याचा एक खरा उपयोग मला फार आवडतो. हॉटेलातून पोळ्या गुंडाळून येतात ती अॅल्युमिनियमची पन्नी पुसून ठेवायची. काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात ती तळाला पसरायची, त्यावर काळे पडलेले पैंजण, जोडवी पन्नीला टेकतील अशी ठेवायची, चमचाभर खायचा सोडा टाकून वरून कढत पाणी ओतायचं. किंचित कुजट वास येतो आणि बघता बघता चांदी पांढरी होते. चांदीचा काळेपणा म्हणजे गंधकाशी झालेला संयोग. सोड्याच्या पाण्यात अॅल्युमिनियम तो गंधक चांदीकडून काढून घेतं. पावडरीनं घासलं की चांदी झिजते, इथं चांदीचा कणही जात नाही. खडे बसवलेले किंवा मुद्दाम काळे ठेवलेले दागिने मात्र यात घालू नयेत.

वऱ्हाडचा उन्हाळा हाही एक शिक्षकच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पण ते ऊन कोरडं असतं, आणि त्या कोरडेपणातच सोय लपलेली आहे. आमच्याकडे पूर्वी धान्याचं रिकामं बारदान ओलं करून खिडकीला टांगत. पाण्याची वाफ होताना ते भोवतालच्या हवेतली उष्णता घेतं, म्हणून आत येणारी झुळूक गार. आजचा कूलर म्हणजे त्याच बारदानाला पंखा जोडलेला. माझी मुंबईची बहीण हा प्रयोग तिच्या घरी करून बघायची आणि म्हणायची, ‘तुमच्या अकोल्याचं काही खरं नाही, इथं तर नुसता दमटपणा वाढला.’ तिथल्या हवेत आधीच इतकं बाष्प असतं की ओल्या कापडाचं पाणी उडतच नाही. म्हणजे युक्तीलाही गाव असतं. अकोल्यात जी चालते ती मुंबईत चालेलच असं नाही, आणि श्रावणात तर ती अकोल्यातही चालत नाही.

एका वस्तूला दुसरं काम लावणं तुरीच्या साठवणीतही दिसतं. अकोल्यात डाळमिलांची संख्या मोठी, आणि जानेवारी-फेब्रुवारीत वर्षाची तूर डाळ भरून ठेवायची पद्धत अजूनही बऱ्याच घरांत आहे. आत्याबाई पायदुखीसाठी आणलेल्या एरंडेलाच्या बाटलीतलंच तेल डाळीला चोळत, किलोला लहान चमचाभर. दाण्यावर पातळ लेप बसतो, भुंगेऱ्याच्या अंड्याला हवा मिळत नाही, अंडं फुटतच नाही. पेरणीचं मूग-उडदाचं बी त्या राखेत ठेवत. राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडतात आणि कीड सुकून मरते. एकच राख: कढईला साबण, बियाण्याला पहारेकरी.

वस्तूच्या गुणाचा विचार आला की मला आपल्याच मातीतला एक माणूस आठवतो. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे संत गाडगेबाबा. २३ फेब्रुवारी १८७६ ला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथं परीट घरात जन्म, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाकडे वाढले. त्यांच्या अंगावर चिंध्या जोडून केलेला अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि डोक्यावर मातीचं गाडगं. तेच गाडगं उन्हात टोपी, जेवताना ताट, तहान लागली की पेला. लोकांनी ज्याला फुटकं खापर म्हणून बाजूला टाकलं असतं, ते त्यांच्यासोबत महाराष्ट्रभर फिरलं, आणि बाबांना नावही त्याच वस्तूनं दिलं. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ त्यांचं निधन झालं. मी शाळेत स्वच्छतेचा तास घेताना मुलांना नेहमी गाडगेबाबांचं गाडगं समजावून सांगायची. त्यांच्या खराट्याबद्दल सगळेच बोलतात, पण वस्तूकडे पाहण्याची त्यांची नजर मला तितकीच मोठी वाटते. ती काटकसर तर होतीच, पण तिच्यात वस्तूचा मान ठेवणंही होतं.

परटांच्याच हातातली आणखी एक वस्तू म्हणजे बिब्बा. कोणाचा कपडा कोणता हे कळावं म्हणून परीट कपड्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्याच्या रसानं खूण करत. तो रस हवा लागली की काळा पडतो, वर चुना लागला की आणखी पक्का होतो आणि कितीही धुतला तरी जात नाही. पण हाच रस अंगाला लागला तर फोड येतात, कधी कधी भयंकर. तरीही पिढ्यान्पिढ्या लोकांनी तो वापरला, कारण त्यांना त्याचा स्वभाव माहीत होता. काडीच्या टोकानं घ्यायचा, लहान मुलाच्या हाती द्यायचा नाही, हातांना आधी तेल चोळून घ्यायचं. जहाल वस्तूसुद्धा ओळखीची असली की कामाला लावता येते.

अनोळखी वस्तूचं मात्र तसं नाही, आणि आता ज्याबद्दल लिहिते आहे ती गोष्ट मला खरोखर भीतीची वाटते. आपल्याकडे रिकामा डबा फेकायची सवयच नाही. तेलाचा १५ किलोचा पिपा धान्याला, पाण्याला, कापून सुपलीला. डालड्याच्या डब्यात तुळस. औषधाच्या काचेच्या बाटलीत मध. हे सगळं मला मनापासून आवडतं. पण कापसाच्या या मुलखात घरात आणखी एक डबा येतो, फवारणीच्या औषधाचा. तो मजबूत असतो, झाकण घट्ट बसतं, दिसायलाही चांगला. मग तो कुठल्या तरी शेतात पाणी प्यायला नेला जातो, कुठल्या तरी घरी त्यात रॉकेल, कधी खायचं तेलही भरलं जातं. शाळेत शिकवत असताना खेड्यातून येणाऱ्या मुलांच्या दप्तरात मी असे डबे पाण्याच्या बाटली म्हणून पाहिले आहेत. कितीही वेळा धुतलं तरी प्लास्टिकच्या अंगात मुरलेलं औषध पुरतं निघत नाही, आणि ते पाण्याला रंग किंवा वास देईलच असं नाही. चिंचेचा गुण जिभेला कळतो, बिब्ब्याचा हाताला. याचा कशालाही कळेलच असं नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. ते बळी फवारणीचे होते, डब्यांचे नव्हते. पण ज्या औषधानं खुल्या शेतात माणसं दगावली, त्याच औषधाचा डबा आपण स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवतो, हे विसरून चालणार नाही.

म्हणून माझी जठारपेठेतल्या आणि तिच्या भोवतालच्या गावांतल्या प्रत्येक घराला कळकळीची विनंती आहे. चिंचेचा चोथा ठेवा, राख ठेवा, पन्नी ठेवा, जुनं लुगडं गोधडीला ठेवा. औषधाचा डबा मात्र ठेवू नका. औषध संपलं की डब्यात पाणी घालून तीनदा खळबळा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, डब्याला खिळ्यानं भोकं पाडा म्हणजे तो कोणाच्याच कामी येणार नाही, आणि फोडून वस्तीपासून, विहिरीपासून दूर पुरा. कीटकनाशक नियम, १९७१ मध्येही रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरण्याचंच सांगितलं आहे. आणि शेजारच्या घरी असा डबा पाण्याला लावलेला दिसला, तर संकोच न करता आजच सांगा.